बर्फ जमत होता, दूध नासत होते: एका फ्रीजचे प्रकरण

पाच माणसांचे घर. वर फ्रीझर, खाली मुख्य कप्पा, दोन दारे, फ्रॉस्ट-फ्री, सहा वर्षे वापरलेला फ्रीज. तक्रार साधी होती: उघडलेले दूध दुसऱ्याच दिवशी आंबूस लागते, चिरलेल्या भाज्या बुळबुळीत होतात, रात्रीचा भात चिकट होऊन वास मारतो. फ्रीझरमध्ये मात्र बर्फ नीट जमतो. कॉम्प्रेसर चालू असतो, दिवा लागतो, दार उघडले की हाताला गारवाही जाणवतो. घरच्यांनी त्यावरून अंदाज बांधला की फ्रीज ठीक आहे, दूधच खराब येत असणार. दूध बदलून पाहिले, फरक पडला नाही.

या प्रकारच्या फ्रीजमध्ये हा बिघाड नेहमी आढळणारा आहे आणि तो ओळखताना नेहमी त्याच चुका होतात. म्हणून हे प्रकरण टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

आधी झालेले दोन उपाय

पहिला उपाय नॉबचा. फ्रीजमध्ये दोन नॉब होते, एक खालच्या कप्प्यात आणि एक फ्रीझरमध्ये. दोन्ही ‘सर्वांत थंड’कडे फिरवले. दोन दिवसांत दूध आणखी लवकर नासू लागले.

हे उलटे का झाले ते समजून घ्यायला हवे. अशा फ्रीजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड बसवलेली असते. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा खेचतो. त्यातली बरीचशी हवा फ्रीझरमध्येच फिरते आणि उरलेली एका नळीवाटे खालच्या कप्प्यात उतरते. या नळीच्या तोंडाशी एक झडप असते. बऱ्याच मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर कधी चालू-बंद व्हायचा ते खालचा नॉब ठरवतो. फ्रीझरचा नॉब फक्त ही झडप कमी-जास्त उघडतो. फ्रीझरचा नॉब ‘सर्वांत थंड’वर नेला की झडप मिटत जाते, थंड हवा वरच अडते आणि खालचा कप्पा तापतो. काही मॉडेलमध्ये ही रचना बरोबर उलट असते. कोणता नॉब काय करतो ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते, आणि नॉबला हात लावण्याआधी ते पान वाचणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा उपाय मेकॅनिकचा. तपासणी फारशी न करता ‘गॅस कमी झालाय’ असे निदान झाले आणि गॅस भरला गेला. त्यासाठी फ्रीज रिकामा करून रात्रभर दारे उघडी ठेवून बंद ठेवला होता. दुसऱ्या दिवशी चालू केला तर खालचा कप्पा छान गार. सगळ्यांना वाटले, गॅसच कमी होता. अकरा दिवसांनी दूध पुन्हा आंबले.

फ्रीजचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून त्याच त्या मार्गाने फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅसही निघून जाणार. या घरी फ्रीज सुधारला तो गॅसमुळे नाही; रात्रभर बंद राहिल्यामुळे. आत काहीतरी साचले होते, ते त्या रात्री वितळून गेले आणि पुढच्या दहा-अकरा दिवसांत पुन्हा साचले. ‘बंद ठेवून चालू केला की आठ-दहा दिवस ठीक, मग पुन्हा तेच’ ही खूण इतकी बोलकी आहे की ती ऐकूनच बिघाडाचा बराचसा अंदाज येतो.

आधी मोजमाप

यापुढे अंदाजाने काहीच केले नाही. दोन साधे डिजिटल थर्मामीटर घेतले आणि आधी तेच तपासले. ग्लास बारीक फोडलेल्या बर्फाने काठोकाठ भरायचा, वरून गार पाणी ओतायचे, ढवळायचे, तीन मिनिटे थांबायचे, मग थर्मामीटरचे टोक मध्यभागी धरायचे. टोक ग्लासच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायचे नाही. वाचन 0 अंश सेल्सिअस यायला हवे. एका थर्मामीटरने 0 दाखवले, दुसऱ्याने 0.5. दुसऱ्यावर तेवढी चूक लिहून ठेवली आणि दोन्ही वापरात घेतले.

फ्रीजमध्ये नुसत्या हवेचे तापमान मोजून उपयोग नाही. दार उघडले की हवा काही सेकंदांत तापते आणि कॉम्प्रेसर चालू-बंद होताना तीन-चार अंशांनी खालीवर होते. अन्न एवढे झटपट बदलत नाही. म्हणून 200 मिलीलीटर पाण्याचा ग्लास मधल्या फळीवर ठेवून त्यात थर्मामीटरचे टोक रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचन घेतले. मग दर रात्री जागा बदलून वरची फळी, खालची फळी, दार आणि भाजीचा खण तपासला. फ्रीझरमध्ये टोक गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवले. लांबून नेम धरायची इन्फ्रारेड बंदूक वापरली नाही, कारण ती फक्त पृष्ठभाग मोजते आणि चकचकीत स्टीलवर तर चक्क चुकीचा आकडा देते. फ्रीजच्या दारावर आकडा दिसत असेल तर त्यावरही विसंबू नये. अनेक मॉडेलमध्ये तो आपण ठरवलेला आकडा असतो, आतले खरे तापमान नव्हे.

सकाळची वाचने अशी आली: वरची फळी 11, मधली 10, खालची 9, भाजीचा खण 11, दार 13. फ्रीझर उणे 13. संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी दार वारंवार उघडल्यावर, मधली फळी 12 आणि दार 15.

मुख्य कप्पा 4 अंश किंवा त्याखाली आणि फ्रीझर उणे 18 हे बऱ्याच ठिकाणी मानले जाणारे मोजमाप आहे. काही देशांत मुख्य कप्प्यासाठी 5 अंशांपर्यंत चालते. हा फ्रीज 4 च्या दुपटीहून वर होता, तरीही बर्फ जमत होता. पाणी 0 अंशाला गोठते. उणे 2 ला जमलेला बर्फ आणि उणे 18 ला जमलेला बर्फ डोळ्यांना सारखाच दिसतो. बर्फ जमतो यावरून फ्रीझर शून्याखाली आहे एवढेच कळते. फ्रीझर पुरेसा थंड आहे की नाही ते त्यावरून कळत नाही, आणि खालच्या कप्प्याबद्दल तर काहीच कळत नाही.

4 आणि 10 मधला फरक

हाताला 4 अंश आणि 10 अंश दोन्ही गारच लागतात. जिवाणूंसाठी ती दोन वेगळी जगे आहेत. सॅल्मोनेलाची वाढ 5 अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. 10 वर ती सुरू असते. स्टॅफिलोकोकस ऑरियस साधारण 7 अंशांपासून वाढू लागतो आणि 10 च्या पुढे विषही तयार करू शकतो. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस तर शून्याच्या आसपासही वाढतो, फक्त फार सावकाश: 4 अंशांवर त्याची संख्या दुप्पट व्हायला एक ते दोन दिवस लागतात, 10 अंशांवर तोच काळ काही तासांवर येतो. म्हणजे 4 अंशांचा फ्रीजही जिवाणूंना मारत नाही, त्यांची गती कमी करतो. साठवणुकीच्या सगळ्या मुदती याच कमी झालेल्या गतीवर बेतलेल्या आहेत. 10 अंशांच्या फ्रीजला त्या लागू पडत नाहीत.

घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल, पासष्टीच्या पुढचे कोणी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे कोणी असेल तर लिस्टेरियाचा प्रश्न जास्त गंभीर होतो. या घरात एक वयस्कर सदस्य होते, त्यामुळे पुढचे निर्णय कडक घेतले.

कप्प्यात जे होते त्याचे काय केले

हा भाग घरच्यांना सर्वांत जड गेला, कारण बरेचसे अन्न दिसायला चांगले होते आणि त्याला वासही नव्हता. पण वास आणि बुळबुळीतपणा बहुतेक वेळा स्यूडोमोनाससारख्या, अन्न नासवणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. माणसाला आजारी पाडणारे जिवाणू पुष्कळदा वास, चव, रंग काहीच बदलत नाहीत. थोडे चाखून ठरवू, हा मार्ग तर बंदच.

नियम असा लावला: सहज नासणारे जे अन्न 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिले ते टाकायचे. इथे तर ते कित्येक दिवस राहिले होते. उघडलेले दूध, शिजवलेला भात, शिजवलेली कडधान्ये, कच्चे आणि शिजवलेले चिकन, मऊ चीज, उकडलेली अंडी, चिरलेली फळे आणि भाज्या, सगळे टाकले. उघडलेले मेयोनीजही टाकले, कारण 10 अंशांच्या वर आठ तासांपेक्षा जास्त राहिले तर ते ठेवू नये. लोणी, कडक चीज, जॅम, टोमॅटो सॉस, मोहरीचा सॉस, व्हिनेगरमधले पदार्थ आणि न चिरलेली फळे-भाज्या ठेवली. आंबटपणा, मीठ, साखर किंवा पाण्याचे कमी प्रमाण यांमुळे तिथे जिवाणूंना सहज वाढता येत नाही.

‘खळखळून उकळून घेऊ’ असा प्रश्न आला. उकळल्याने जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेली काही विषे उकळीतही टिकतात. भातात वाढणारा बॅसिलस सीरियस उलटी करवणारे जे विष सोडतो ते 121 अंशांवर दीड तास ठेवले तरी टिकते. स्टॅफिलोकोकसचे विषही साध्या उकळीला दाद देत नाही.

फ्रीझरचा निर्णय सोपा होता. उणे 13 अंशांवर काहीही वितळलेले नव्हते आणि उणे 10 च्या खाली जिवाणूंची वाढ होत नाही. अन्न सुरक्षित होते. चव आणि पोत मात्र उणे 18 च्या तुलनेत लवकर उतरतात, म्हणून ती पाकिटे आधी वापरायची असे ठरले.

पॅनेलच्या आड

तपासणी बाहेरून आत अशी केली. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार बंद केले आणि पट्टी ओढली; चारही बाजूंना ती घट्ट अडकत होती, एका खालच्या कोपऱ्यात मात्र सैल निघाली. तिथे चिकट घाण साचली होती. कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर रबर नीट बसू लागले. हा दोष खरा होता पण छोटा. 10 अंशांचे कारण तो नव्हता. मागची बाजू भिंतीपासून पुरेशी दूर होती. फ्रीझरच्या दाराचे बटण बोटाने दाबून धरल्यावर पंखा फिरत होता, पण खरखर आवाज करत होता. पात्याला काहीतरी घासत होते.

मग प्लग काढून फ्रीझरचे मागचे पॅनेल उघडले. कॉइल दिसलीच नाही. तिच्यावर दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा हिमाचा थर होता, वरपासून खालपर्यंत सारखा. खाली जाणाऱ्या नळीचे तोंडही त्याने अर्धे बुजले होते. पंखा फिरत होता, पण हवेला जायला वाटच नव्हती.

हिमाचा आकार वाचता आला की गॅसचा वाद तिथेच मिटतो. गॅस कमी असेल तर कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवरच हिम जमते आणि पुढची कॉइल उघडी राहते. संपूर्ण कॉइलवर सारखा जाड थर असेल तर गॅस पोहोचतो आहे. हिम वितळवणारी यंत्रणा बंद पडली आहे. गॅस खरोखर भरायचाच असेल तर तो फ्रीजच्या पाटीवर छापलेल्या ग्रॅमइतका, काट्यावर तोलून भरायचा असतो. आर-600ए नावाचा गॅस वापरणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये हे प्रमाण साधारणपणे शंभर ग्रॅमच्या आतच असते, तिथे अंदाजाने भरलेला गॅस नवा बिघाड आणतो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीज हिम जमू न देणारा असतो असा समज आहे. हिम जमतेच, फ्रीज ते ठरावीक वेळाने वितळवतो. टायमर कॉम्प्रेसरचे चालू तास मोजतो आणि साधारण 8 ते 12 तासांनी कॉम्प्रेसर थांबवून कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटे चालू करतो. कॉइलला चिकटलेला बायमेटल हा छोटा स्विच ती गोठलेली असताना जोडलेला असतो आणि हिम वितळून ती तापली की सुटतो, म्हणजे हीटर वेळेआधीच बंद होतो. त्याच वाटेवर थर्मल फ्यूज असतो. काही चुकून तापमान 70 अंशांच्या आसपास गेले तर तो कायमचा तुटतो. वितळलेले पाणी कॉइलखालच्या भोकातून नळीने खाली येते, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. टायमर, बायमेटल, फ्यूज, हीटर यांपैकी एक जरी गेला तरी हिम साचत राहते.

मीटर लावून तपासल्यावर हीटरचा विद्युतरोध 290 ओहम आला. 230 व्होल्टवर हे सुमारे 180 वॅट होतात. 150 ते 250 वॅटच्या हीटरसाठी 210 ते 350 ओहम अपेक्षित असतात, म्हणजे हीटर शाबूत. टायमर हाताने फिरवल्यावर नेमक्या जागी टक् आवाज करून स्थिती बदलत होता आणि नंतर स्वतःहून पुढे सरकत होता. फ्यूज तुटलेला होता.

इथे थांबून फक्त फ्यूज बदलला असता तर काही दिवसांत नवा फ्यूजही तुटला असता. फ्यूज स्वतःहून क्वचित जातो. त्याला कोणीतरी तापवलेले असते. बायमेटल काढून खोलीच्या तापमानाला ठेवून मोजला. त्या तापमानाला तो सुटलेला असायला हवा. तो जोडलेलाच राहिला. म्हणजे कॉइल तापली तरी हीटर बंद होत नव्हता, टायमरची वेळ संपेपर्यंत जळत राहायचा, आणि एक दिवस फ्यूज गेला. बायमेटलची ही चाचणी अनेकजण उलटी वाचतात: खोलीच्या तापमानाला तो सुटलेला दिसला की खराब म्हणून फेकून देतात. सुटलेला असणे हेच तेव्हा योग्य असते. तो जोडतो की नाही ते बर्फात किंवा फ्रीझरमध्ये चांगला गोठवूनच पाहावे लागते.

दुरुस्ती

हिम वितळवायला फ्रीज चोवीस तास प्लग काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून सोडला. खाली जुने टॉवेल, समोर टेबलपंखा. फ्रीझरमधले अन्न बर्फाच्या लाद्यांसह जाड इन्सुलेटेड पेटीत गच्च भरले. चाकू, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर यांनी हिम खरवडणे कटाक्षाने टाळले. कॉइलची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते. ती टोचली तर गॅस जातो, आणि आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू आहे. तो निसटल्याची शंका आली तर ज्योत पेटवायची नाही, कोणताही स्विच चालू-बंद करायचा नाही, खिडक्या उघडून खोलीबाहेर जायचे.

बायमेटल आणि फ्यूज एकाच जोडणीत मिळाले, तेच एकत्र बदलले. फ्यूजच्या जागी वायर जोडून काम भागवण्याचा सल्ला बाजारात मिळतो. तो कधीही मानू नये. बायमेटल चिकटला आणि फ्यूजही नसला तर हीटरला थांबवणारे शेवटचे काहीच उरत नाही, आणि तो ज्वालाग्राही गॅसच्या नळीखाली बसलेला असतो.

पाणी जाण्याचे भोक बर्फाने बंद झाले होते. सुईविना सिरिंजने कोमट पाणी सोडत ते मोकळे केले, ट्रेमध्ये पाणी उतरताना पाहिले, मगच पॅनेल बंद केले. हे राहून गेले असते तर पुढच्या वेळी वितळलेले पाणी तिथेच पुन्हा गोठले असते.

फ्रीज रिकामाच चालू केला, खालचा नॉब मध्यावर, फ्रीझरचा नॉबही मध्यावर. नॉब बदलल्यावर किंवा फ्रीज नव्याने चालू केल्यावर चोवीस तास तरी निकाल पाहायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मधली फळी 3.5, खालच्या फळीची मागची बाजू 2, दार 6.5, फ्रीझर उणे 19.

दूध सुधारले, भात नाही

दूध आता टिकू लागले. भात मात्र अजूनही चिकट. फ्रीज दुरुस्त, तापमान बरोबर, मग हे का? कारण इथे दोन दोष होते आणि एकाने दुसरा झाकला होता.

रात्री मोठ्या पातेल्यात भात शिजायचा, उरलेला त्याच पातेल्यात झाकून ओट्यावर राहायचा आणि सकाळी फ्रीजमध्ये जायचा. ‘गरम अन्न ठेवल्याने फ्रीज बिघडतो, पूर्ण गार होऊ द्यावे’ ही समजूत त्यामागे होती. तांदळावर बॅसिलस सीरियसचे बीजाणू असतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. अन्न 60 अंशांच्या खाली आले की ते अंकुरतात. 60 ते 5 अंशांचा पट्टा हा धोक्याचा पट्टा. त्याच्या मधल्या भागात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. बारा सेंटीमीटर खोल पातेल्याचा मध्य रात्रभर याच पट्ट्यात राहतो. सकाळी ते फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे झालेली वाढ गार करून ठेवणे.

व्यावसायिक स्वयंपाकघरांत पाळला जाणारा निकष असा: 57 अंशांपासून 21 पर्यंत दोन तासांत आणि 21 पासून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा छोटा ठेवलाय कारण तिथेच वाढ सर्वांत वेगाने होते. घरात तो गाठायला अन्नाच्या थराची जाडी कमी करणे हा मुख्य उपाय आहे. भातासारख्या घट्ट अन्नात उष्णता आतून बाहेर फार सावकाश येते. थराची जाडी निम्मी केली की गार व्हायचा वेळ निम्म्याहूनही बराच कमी होतो. म्हणून भात पसरट डब्यांत, पाच सेंटीमीटरपेक्षा कमी थरात काढायला सुरुवात केली. वाफ जाईपर्यंत झाकण तिरके, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत डबा फ्रीजमध्ये. खोलीतच 32 अंशांहून जास्त उष्मा असेल तर ही मुदत एक तासाची. पातळ पदार्थाचे पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळले की ते अर्ध्या तासात बरेच उतरते. असे कोमट, उथळ डबे फ्रीजला काही करत नाहीत. दहा लिटरचे उकळते पातेले आत ठेवले तर मात्र शेजारचे अन्न तापते.

त्या रात्रीपासून भाताची तक्रार थांबली.

कप्प्यातली जागा

दाराचे 6.5 अंश दुरुस्तीनंतरही कमी होणार नव्हते. दार ही फ्रीजमधली सर्वांत उबदार जागा असते. दूध ठेवायला बनवलेला कप्पा नेमका तिथे असतो, ही रचनेतली खरी चूक आहे. दूध खालच्या फळीच्या मागच्या बाजूला हलवले. दारात सॉस, जॅम, व्हिनेगरमधले पदार्थ, पाणी. कच्चे मांस आणि मासे सर्वांत खाली, काठ असलेल्या ताटात, म्हणजे त्यांचे पाणी कशावर ठिबकणार नाही. शिजवलेले आणि तसेच खायचे पदार्थ त्यांच्या वर. हवेच्या जाळीसमोर चार बोटे जागा मोकळी. पूर्वी तिथे मोठे डबे टेकवलेले असत, त्यामुळे जी थोडी हवा येत होती तीही अडत होती. फळीवर कागद किंवा प्लास्टिक अंथरायची सवयही सोडली, जाळीदार फळ्या हवा खाली जावी म्हणूनच जाळीदार असतात.

4 अंश राखले तर शिजवलेले अन्न 3 ते 4 दिवस, कच्चे चिकन, खिमा आणि मासे 1 ते 2 दिवस, मांसाचे मोठे अखंड तुकडे 3 ते 5 दिवस, उकडलेली अंडी एक आठवडा. प्रत्येक डब्यावर शिजवल्याची तारीख, कागदी टेपवर. पुन्हा गरम करताना मध्यभागी 74 अंश. वीज गेली तर दार बंद ठेवावे: खालचा कप्पा चार तास, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास तग धरतो.

पुढची पाळत

पाण्याचा ग्लास आणि थर्मामीटर मधल्या फळीवर कायमचा राहिला. वाचन आठवड्यातून एकदा सकाळी. 5 च्या वर गेले तर आधी दार नीट बसते का, मग जाळीसमोर काही आलेय का, मग फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर हिमाचे ठिपके दिसतात का, याच क्रमाने पाहायचे. नॉब सर्वांत शेवटी, आणि एका वेळी त्यावरची एकच खूण. पॅनेलवर बाहेरूनच हिम दिसू लागले तर आत थर जाड झालेला असतो, तेव्हा तापमान चढायची वाट पाहायची गरज नाही.

हिम वितळवण्याची यंत्रणा चालू आहे का, हे पॅनेल न उघडताही कळते. प्लग काढून फ्रीज पुढे ओढावा आणि मागून कॉम्प्रेसरवरचा ट्रे पाहावा. तिथे थोडे पाणी किंवा निदान ताजा ओलावा दिसायला हवा. दमट हवेत, दार नेहमीसारखे उघडले जात असताना ट्रे अनेक दिवस कोरडा ठणठणीत असेल तर वितळलेले पाणी खाली येत नाही: एकतर भोक बुजले आहे किंवा हिम वितळतच नाही. भोक बुजले असेल तर बहुधा भाजीच्या खणाखाली किंवा फ्रीझरच्या तळाशी पाणी अथवा बर्फाची लादी सापडते. ती नसेल आणि ट्रेही कोरडा असेल तर टायमर, बायमेटल, फ्यूज आणि हीटर याच क्रमाने तपासून घ्यावे. ट्रेमधले पाणी ओतून तो दोन-तीन महिन्यांनी साबणाने धुवावा. तिथे साचलेल्या पाण्यात बुरशी धरते आणि तो वास फ्रीजच्या आतून येतो असे वाटत राहते.